गडद जेल सुटतं, लायनर तडकतो: लग्नसराईतल्या ठळक नेल आर्ट आणि मेकअपबद्दल

प्रश्न असा आहे: "मी यावल तालुक्यात पार्लर चालवते. आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) लग्नांचा जोर असतो. आता नवऱ्या आणि करवल्या काळं, गडद निळं, पोपटी असं नेल आर्ट मागतात, डोळ्यांना रंगीत ग्राफिक लायनर मागतात. पण गडद जेल चौथ्या-पाचव्या दिवशी कडेने सुटतं, संगीताच्या रात्री लायनरला तडे जातात, आणि हळदीत नखं पिवळी पडतात ते वेगळंच. सामान चांगल्यातलं घेते, तरी असं का होतं? मेंदी, हळद आणि नखं यांचा क्रम काय ठेवू?"

ताई, सामान बदलण्याआधी हात हलका करून बघा. तुमच्या पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. रंग गडद दिसावा म्हणून थर जाड दिला जातो. जेल असो, लायनर असो की फाउंडेशन, गडदपणा पातळ थर एकावर एक चढवून मिळवायचा असतो. हळदीचं कारण निराळं आहे, त्याकडे पुढे येते.

आधी जेल. जेल पॉलिश हवेने वाळत नाही, लॅम्पच्या उजेडाने घट्ट होतं. त्यात फोटोइनिशिएटर नावाचा घटक असतो. साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचा उजेड पडला की तो जेलमधल्या सुट्या रेणूंच्या साखळ्या बांधायला लागतो. हा उजेड थराच्या तळापर्यंत पोचला पाहिजे. काळ्या आणि गडद निळ्या रंगातलं रंगद्रव्य तो वाटेतच पिऊन टाकतं, आणि दाट पांढरं रंगद्रव्य तो उलट फेकतं. त्यामुळे काळ्याचा एकच जाड थर दिला तर वरचा पापुद्रा टणक होतो आणि खालचं जेल अर्धं कच्चं राहतं. दोन-तीन दिवस कळत नाही. मग धुणं-भांडी, गरम पाणी सुरू झालं की तो कच्चा भाग नखाला धरून राहत नाही. लॅम्पमधून हात बाहेर काढताच रंगावर सायीसारख्या सुरकुत्या दिसल्या तर थर जाड झाला हे तिथेच ओळखा. त्यावर टॉप कोट, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, मारून झाकू नका. तो रंग काढून पुन्हा लावा.

काळ्यासाठी तीन थर धरा. पहिला इतका पातळ की खालचं नख आणि ब्रशचे पट्टे दिसतात. बघणाऱ्या मुलीला वाटतं रंग बसलाच नाही. तिला सांगा, थांब, अजून दोन हात आहेत. दुसऱ्यात पट्टे जातात, तिसऱ्यात रंग भरतो. प्रत्येक थर ६० सेकंद, किंवा बाटलीवर त्याहून जास्त वेळ दिला असेल तर तो. दाट पांढऱ्याला आणि निऑन रंगांनाही हाच नियम. ब्रश बाटलीच्या तोंडाशी एका बाजूने पूर्ण पुसायचा आणि दुसऱ्या बाजूला फक्त एक छोटा थेंब ठेवायचा. तेवढ्यात एक नख होतं.

लॅम्पवर ४८ वॅट लिहिलेलं असतं म्हणून निश्चिंत राहू नका. बऱ्याच स्वस्त लॅम्पमध्ये तो आकडा नुसता छापलेला असतो, आतले काही दिवे गेलेलेही असतात. महिन्यातून एकदा लॅम्प उलटा करून बघा, सगळे दिवे सारखे लागतात का. अंगठा नेहमी वेगळा क्युअर करा, म्हणजे लॅम्पखाली वेगळा धरून घट्ट करा. चार बोटांबरोबर आत घातला की तो आडवा पडतो, त्याच्या एका बाजूला उजेड लागतच नाही. "बाकी सगळी नखं टिकली, अंगठाच गेला" या तक्रारीचं कारण दर वेळी जवळपास हेच असतं. मध्येच वीज गेली तर घाबरू नका. अर्धवट झालेल्या थराला हात, कापूस, काही लावू द्यायचं नाही, आणि लाइट आली की उरलेले सेकंद मोजत न बसता पुन्हा पूर्ण ६० सेकंद द्यायचे. मे महिन्यात काम करणाऱ्यांनी बॅटरीवर चालणारा एक लॅम्प जवळ ठेवावाच.

आता आपल्याकडच्या उन्हाचं. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५च्या घरात जातो तेव्हा जेल बाटलीतच पातळ होतं. हिवाळ्यात जो थेंब नखावर जागेवर बसतो तो मे महिन्यात वाहत कातडीला लागतो. कातडीला लागलेलं जेल क्युअर झालं की तिथे बारीक उंबरठा तयार होतो, त्याच्या खालून पाणी शिरतं आणि कडेने सोडायला सुरुवात होते. उपाय साधा आहे. बाटल्या पत्र्याच्या शेडखालच्या कपाटात ठेवू नका. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, अंधाऱ्या डब्यात ठेवा. काम सुरू करताना लागणाऱ्या तीन-चार बाटल्या झाकण घट्ट लावून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माठाला टेकवून ठेवल्या तरी पुरे. आणि पाचही बोटांना रंग लावून मग लॅम्पमध्ये घालण्याऐवजी एक-दोन नखं लावा, १० सेकंद लॅम्प दाखवा, पुढची लावा, शेवटी सगळ्यांना पूर्ण वेळ द्या. जेल वाहायला वेळच मिळत नाही. टेबल दारापाशी किंवा खिडकीपाशी मांडलं असेल तर हलवा. ऊन थेट नाही पडलं तरी त्यातले अतिनील किरण बाटलीच्या तोंडाशी आणि ब्रशमध्ये जेल घट्ट करतात. नखावर बारीक रेघा काढायचा लायनर ब्रश काम झाल्यावर स्वच्छ पुसून फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायचा.

कूलरचा झोत हातावर घेऊ नका. त्याची हवा ओलसर असते, आणि फाइल केलेल्या नखाची भुकटी उडून पुन्हा नखावर बसते. पंखा पाठीमागून चालेल. कापसाचे बोळेही नखासाठी बाद करा, त्यांचा एक तंतू बेस कोटखाली (रंगाआधीच्या पहिल्या थराखाली) राहिला तर त्याच रेषेने जेल उचलतं. लिंट-फ्री वाइप वापरा.

तयारीचा क्रम असा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, पण पाण्यात भिजवायचे नाहीत. भिजलेलं नख पाणी पिऊन फुगतं, वाळताना आकसतं, आणि वरचं जेल आकसत नाही. क्युटिकल (नखाच्या मुळाशी असलेली कातडी) मागे सारा आणि नखावर चिकटलेला जो पारदर्शक पातळ पापुद्रा असतो तो खरवडून काढा. हा पापुद्रा उजेडात तिरका हात धरल्याशिवाय दिसत नाही. तो राहिला तर तुम्ही जेल नखावर लावतच नाही, मेलेल्या कातडीवर लावता. मग १८० ग्रिटच्या बफरने फक्त चमक जाईपर्यंत हलका हात फिरवा. पांढुरकं, एकसारखं मॅट दिसलं की थांबा. जास्त घासल्याने जेल जास्त धरतं हा गैरसमज आहे. नख पातळ होतं, वाकतं आणि वाकणाऱ्या नखावरून जेल उलट लवकर सुटतं. भुकटी ब्रशने झटका, नखावरचा ओलावा आणि तेल काढणारं डिहायड्रेटर लावा, हाताला घाम येत असेल तर वर अॅसिड-फ्री प्रायमर. त्यानंतर नखाला बोट लावायचं नाही, मुलीनेही केसांतून हात फिरवायचा नाही.

बेस कोट नखात घासून लावा, कातडीपासून अर्धा ते एक मिलिमीटर सोडून. प्रत्येक थराच्या वेळी नखाच्या पुढच्या धारेवर ब्रशची कड फिरवून ती बंद करा. यालाच कॅपिंग म्हणतात आणि घाईत सगळ्यात आधी हेच सुटतं. कातडीला जेल लागलं तर लॅम्पमध्ये घालण्याआधी लाकडी काडीने काढा.

जेल कुठून सुटलं ते बघितलं की कारण कळतं. क्युटिकलच्या बाजूने सुटलं तर तो पापुद्रा राहिला किंवा जेल कातडीवर गेलं. पुढच्या टोकाने सुटलं तर कॅपिंग झालं नाही, किंवा नंतर घरी नेलकटरने टोक कापलं. अख्खं पापुद्र्यासारखं निघालं तर नखावर तेल किंवा क्रीम होतं. आणि निघालेल्या तुकड्याची खालची बाजू बोटाला चिकट लागली तर थर कच्चा राहिला.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. कच्चं जेल वारंवार कातडीला लागलं तर अॅलर्जी होते. नखाभोवती खाज, लाली, बारीक पाण्याचे फोड, कातडी सोलणं, ही तिची लक्षणं. जेलमधले अॅक्रिलेट, विशेषतः हेमा नावाचा घटक, याला कारणीभूत असतो. एकदा ही अॅलर्जी लागली की सहसा जन्मभर राहते, आणि याच जातीची द्रव्यं दातात भरायच्या सिमेंटमध्ये, हाडांच्या शस्त्रक्रियेतही वापरतात. म्हणजे नखाच्या हौसेचा त्रास पुढे दवाखान्यात निघू शकतो. मुलीपेक्षा तुम्हाला धोका जास्त, कारण ती वर्षातून दोनदा लावते आणि तुम्ही रोज. नायट्रिलचे हातमोजे घाला, त्यांना जेल लागलं की लगेच बदला, कारण पातळ मोज्यातून ते काही मिनिटांत आत झिरपतं. फाइल करताना मास्क घाला. खाज सुटलेल्या हातावर "या वेळी वेगळी कंपनी लावून बघू" असं करू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा. टीपीओ हा फोटोइनिशिएटर १ सप्टेंबर २०२५ पासून युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांमध्ये बंद झाला आहे. नवीन माल घेताना टीपीओ नसलेला मागा. सुट्या, बिनलेबलच्या बाटल्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी नको.

सुटलेल्या जेलखाली पाणी साचून नख हिरवट दिसलं तर तो जंतुसंसर्ग आहे. जेल काढा, नख मोकळं आणि कोरडं ठेवायला सांगा, डॉक्टरांना दाखवायला लावा. त्यावर गडद रंग लावून झाकण्याचा आग्रह मुलीने केला तरी नाही म्हणा.

लांबी ठरवताना तिच्या हाताला काय काम आहे ते आधी विचारा. लग्नानंतर आठव्या दिवशी भाकरी थापायची असेल, भरताची वांगी भाजून सोलायची असतील तर बोटाच्या पुढे २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि आकार गोल किंवा कोपरे मोडलेला चौकोनी. लांब, टोकदार नखाचा सगळा ताण नख आणि कातडी जिथे वेगळी होतात त्या रेषेवर येतो. पीठ मळताना आपटलं तर नुसतं जेल तुटून भागत नाही, खालचं नखही फाटतं. लांबी हवीच असेल तर बिल्डर जेलने त्याच रेषेवर थोडा उंचवटा द्या. बिल्डर जेल जाड असतं, घट्ट होताना गरम होतं, मुलगी "चटका बसला" म्हणून हात ओढते. लॅम्पमध्ये ३-४ सेकंद घाला, बाहेर काढा, पुन्हा घाला, असं दोन-तीनदा करून मग पूर्ण वेळ द्या. फक्त दोन दिवसांची हौस असेल तर मी प्रेस-ऑन, म्हणजे वरून चिकटवायची तयार नखंच सुचवेन. आधी बसून निवांत रंगवता येतात, सासरी जाताना काढता येतात.

नक्षीबद्दल. मोबाइलवरचं दहा वेळा उतरवलेलं संगमरवरी डिझाइन सोडून आपल्या आसपासचं काही करा असं माझं मत आहे. केळीचं पान घ्या. रावेर-यावलच्या मुलीच्या हातावर याहून शोभणारं दुसरं काय असेल? बेस कोटवर गडद हिरव्याचे दोन पातळ थर, प्रत्येकी ६० सेकंद. मग ९ मिलिमीटरचा लायनर ब्रश घ्या आणि पोपटी पेंटिंग जेल. नखाच्या मधोमध सरळ दांडा ओढू नका. क्युटिकलच्या एका कोपऱ्यातून निघून समोरच्या टोकाकडे जाणारा किंचित वाकडा दांडा ओढा, म्हणजे पान झुकल्यासारखं वाटतं. दांडा मुळाशी जाड, टोकाशी केसासारखा. त्यासाठी ब्रश आधी दाबायचा आणि ओढता ओढता उचलत न्यायचा. १० सेकंद लॅम्प दाखवा. आता शिरा. इथेच बहुतेक जणी चुकतात, पिंपळासारख्या जाळीदार शिरा काढतात. केळीच्या शिरा दांड्यापासून कडेपर्यंत एकमेकींना समांतर जातात, जवळजवळ काटकोनात, फक्त टोकाकडे थोड्या झुकलेल्या. एका नखावर प्रत्येक बाजूला सात-आठ पुरेत. त्यांच्यासाठी पोपटीत थोडा मूळ हिरवा मिसळा, नाहीतर पान झेब्र्यासारखं दिसतं. खरं पान वाऱ्याने शिरेच्याच रेषेत फाटतं. कडेला दोन ठिकाणी बारीक काळी त्रिकोणी चीर काढली की नख एकदम जिवंत होतं. दांड्याच्या एका बाजूने सोनेरी रेघ ओढलीत तर चालेल, दोन्ही बाजूंनी ओढली की पान हरवतं. दोन बोटांवर पान, एकावर केळफुलाचा जांभळट लाल साधा रंग, बाकी हिरवं. दहाही नखांवर पान काढलं तर कुठलंच नीट बघितलं जात नाही.

ठिपक्यांचं काम डॉटिंग टूलने. एकदा बुडवून ओळीने ठिपके दिले की ते आपोआप लहान होत जातात, नक्षीला त्याचाच उपयोग करा. सगळे सारखे हवे असतील तर प्रत्येक ठिपक्याला नव्याने बुडवा. सातपुड्यात काठी गावच्या होळीला अंगावर पांढरे ठिपके काढलेले बावे तुम्ही पाहिले असतील. त्या ठिपक्यांची लय घ्यावी, पण तो वेश मेकअपमध्ये अख्खा उतरवू नये. त्यांच्यासाठी ते व्रत असतं.

आरशासारखी चमक देणाऱ्या क्रोम पावडरचं गणित सेकंदांवर आहे. नो-वाइप (पुसावा न लागणारा) टॉप कोट साधारण ३० सेकंद क्युअर करून नख कोमट असतानाच पावडर घासायची. कमी क्युअर झालं तर चमक मळकट येते, जास्त झालं तर पावडर ठिकठिकाणी धरतच नाही. नंतर धार बंद करून पुन्हा टॉप कोट, कारण क्रोम सगळ्यात आधी टोकाला झिजतं.

आता हळद आणि मेंदी. मेंदीतला लॉसोन हा रंग केराटिनला धरतो, आणि नख केराटिनचंच असतं. म्हणून बोटांची टोकं भरताना नखाला लागलेली मेंदी नख वाढून पुढे जाईपर्यंत राहते. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, तेव्हा चार-सहा महिने. मेंदी काढण्याआधी कोऱ्या नखांवर साधी पारदर्शक नेल पॉलिश लावा. मेंदी उतरल्यावर ती पॉलिश रिमूव्हरने पुसली की डाग तिच्याबरोबर निघतो. रिमूव्हर बोळ्याने न लावता काडीच्या कापसाने फक्त नखावर फिरवा, आजूबाजूच्या मेंदीला लागू देऊ नका. जेल मेंदीनंतर पूर्ण एक दिवस जाऊ देऊन करा. एकतर तोवर मेंदीला पाणी लागत नाही, आणि मेंदीवर लावलेलं निलगिरीचं तेल, लिंबू-साखरेचा चिकटपणा निघून गेलेला असतो. तरी डिहायड्रेटर दोनदा लावा. काळी मेंदी म्हणून मिळणारे कोन मात्र पार्लरमध्ये ठेवूच नका. त्यांत केस रंगवायचं पीपीडी असू शकतं, त्याने हात भाजल्यासारखे होतात.

हळदीत तेल असतं, रंग कर्क्युमिनचा असतो, आणि मॅट टॉप कोटच्या खरखरीत पृष्ठभागात तो अडकून बसतो. म्हणून हळदीच्या आधी नखं करायची असतील तर गडद रंग आणि चकचकीत टॉप कोट. पांढरं फ्रेंच (फक्त टोकं पांढरी) किंवा फिका गुलाबी हवा असेल तर हळद झाल्यावर, त्याच संध्याकाळी. हळद लागलीच तर पहिल्यांदा साबण लावू नका. साबण अल्कलीधर्मी असतो, त्याने हळद लाल होते हे आपण कपड्यांवर रोज बघतो. आधी कोरड्या कापडाने तेल पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल वाइपवर घेऊन फक्त नखावर फिरवा, कारण कर्क्युमिन त्यात विरघळतं. साबण शेवटी. उरलेली पिवळी झाक उन्हाने उडते. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, हा आपल्या फायद्याचा गुण.

तुमच्यासाठी क्रम असा: पाच दिवस आधी मेकअपची ट्रायल आणि पॅच टेस्ट (कानामागे किंवा कोपराच्या आत, ४८ तास बघायची), तीन दिवस आधी मेंदी, हळद जर आदल्या दिवशी असेल तर गडद नखं मेंदी आणि हळदीच्या मधल्या दिवशी, फिकी नखं हळदीनंतर.

मेकअपकडे येऊ. ठळक डोळे हवेत तेव्हा चेहऱ्याचा बेस नेहमीपेक्षा कमी करा. आपल्याकडे उलटं होतं. डोळे रंगीत म्हणून बेसही दोन शेड उजळ आणि जाड लावतात, आणि अकरा वाजता मांडवात मान सावळी आणि चेहरा राखाडी दिसतो. मुलीचा रंग बदलायला तुम्हाला बोलावलेलं नाही. सावळ्या कातडीवर गडद निळा, पाचूचा हिरवा, राणी, भगवा हे रंग जितके खुलतात तितके गोऱ्या कातडीवर खुलत नाहीत. जबड्याशी शेड जुळवा, घराबाहेर उजेडात बघा. डोळ्याखालच्या काळेपणाला आधी नारिंगी करेक्टर अगदी पातळ, मगच कन्सीलर. एकट्या उजळ कन्सीलरने तिथे राखाडी छटा येते.

घामासाठी: चेहरा थंड पाण्याच्या फडक्याने निववा, पाण्यावर आधारित मॉइश्चरायझर लावून १० मिनिटं थांबा, प्रायमर फक्त नाक-कपाळ-हनुवटीला, वाटाण्याएवढा. फाउंडेशन ओल्या आणि घट्ट पिळलेल्या स्पंजने थापत पसरवा. सिलिकॉनच्या प्रायमरवर पाण्याचं फाउंडेशन गोळे होऊन निघतं, दोन्ही एका जातीचे घ्या. पावडर दाबून लावा, मग सेटिंग स्प्रे, वाळू द्या, आणि घाम येणाऱ्या जागी पुन्हा किंचित पावडर. मांडवात टचअप करताना आधी टिश्यूने घाम टिपायचा. घामावर पावडर मारली की त्याचं पीठ मळलं जातं.

लायनर तडकतो त्याची तीन कारणं: थर जाड, पापणी तेलकट, आणि रेष पापणीच्या घडीवर. पाण्याने कालवायचे जे रंगीत केक लायनर मिळतात ते ताकापेक्षा दाट आणि दह्यापेक्षा पातळ असावेत. दह्यासारखे घट्ट लावले की तासाभरात भेगा पडतात. शिवाय ते पाण्याने लागतात तसे पाण्याने जातात. फोटोशूटला, थंड हॉलमधल्या संगीताला ठीक, पण पाठवणीला रडणाऱ्या नवरीला कधीच नाही. तिला वॉटरप्रूफ जेल लायनर किंवा लिक्विड लायनर, पातळ एक रेष, वाळल्यावर त्याच रंगाची कोरडी आयशॅडो चपट्या ब्रशने दाबायची. रंग दुप्पट गडद होतो आणि तडकत नाही. पापणी आधी मायसेलर वॉटरने पुसा. दोन्ही पापण्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढा आय प्रायमर पुरे. निऑन किंवा पोपटी रंग सावळ्या पापणीवर मळतो, त्याखाली पांढऱ्या पेन्सिलचा पातळ हात द्या, बोटाने थोपटा. "डोळ्याजवळ वापरू नये" असं लिहिलेले निऑन रंग मात्र गालावर, कपाळावरच वापरा.

रेष आखताना मुलीला डोळे मिटायला सांगू नका. आरशात सरळ बघू दे. डोळा उघडा असतानाच विंगचं, म्हणजे डोळ्याबाहेर निघणाऱ्या लायनरच्या शेपटाचं, टोक कुठे येणार तिथे कातडीच्या रंगाच्या पेन्सिलने ठिपका द्या, दोन्ही बाजूंना, आणि मागे सरून दोन्ही ठिपके एका उंचीवर आहेत का बघा. खालच्या पापणीची रेष भुवईच्या शेपटाकडे वाढवली की विंगचा कोन मिळतो. घडी खाली उतरलेल्या डोळ्यांत विंग घडीवरून जाताना तुटलेली दिसते. तिथे डोळा उघडा ठेवूनच घडीवर छोटी पायरी काढून जोडा. मिटल्यावर ती विचित्र दिसते, उघडल्यावर सरळ. चूक झाली तर टोकदार बडवर मायसेलर घेऊन एकाच दिशेने पुसा, मग बारीक चपट्या ब्रशने कन्सीलरची कड द्या.

ग्राफिक म्हणजे रेषाच हव्यात असं नाही. आजीच्या हनुवटीवरचं, कपाळावरचं गोंदण आठवा. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून गालफडाकडे पाच ठिपके, डोळ्याजवळचा दीड मिलिमीटरचा, शेवटचा जेमतेम अर्ध्याचा. रंग काळा न घेता हिरवट निळा घ्या, मुरलेल्या गोंदणाचा तोच असतो. ठिपके डोळ्याखाली सरळ ओळीत दिले की अश्रूंसारखे दिसतात, म्हणून किंचित वर वळवा. नथ आणि मुंडावळ्या असलेल्या चेहऱ्याला एवढं भरपूर होतं.

ग्लिटर फक्त सौंदर्यप्रसाधनाचं. शाळेच्या हस्तकलेचं ग्लिटर धारदार असतं, डोळ्यात गेलं तर बुबुळावर ओरखडा येतो. ग्लिटर ग्लूचा पातळ हात, तो चिकट झाल्यावर ग्लिटर दाबायचं, ओढायचं नाही. टिकलीच्या गोंदाने कपाळावर पांढरा डाग पडत असेल तर ती टिकली लगेच बंद. काही गोंदांतल्या रसायनाने तिथला रंग कायमचा जातो. अशा मुलीला लिक्विड लायनरने टिकली काढून द्या.

शेवटचा टप्पा उजेडाचा. पिवळ्या बल्बच्या मांडवात निळा मळकट होतो आणि पिवळा नाहीसा होतो, तिथे हिरवा, राणी, तांबूस सोनेरी चालतात. पांढऱ्या एलईडीच्या स्टेजवर निळा उठून दिसतो. घरातून निघण्याआधी अंधार करून फ्लॅश मारून एक फोटो काढा. चेहरा पांढरा आला तर पावडर जास्त झाली आहे, किंवा सनस्क्रीनमधल्या झिंक-टायटॅनियममुळे फ्लॅश परततोय. मोठ्या मऊ ब्रशने जादा पावडर झटका.

काढतानाही तितकीच निगुती. डोळ्यांवर क्लिन्झिंग ऑइलचा कापूस मिनिटभर नुसता धरून ठेवा, मग खाली ओढा. जेल काढताना वरचा टॉप कोट फाइलने उतरवा, अॅसिटोनचा कापूस ठेवून फॉइल गुंडाळा, १० ते १५ मिनिटं. न निघालेला भाग खरवडायचा नाही, आणखी पाच मिनिटं फॉइल ठेवायचं. मुलगी सासरी जाण्याआधी तिला हे नक्की सांगा, कारण तिकडे ती दाताने किंवा सेफ्टी पिनने जेल उचकटते, आणि जेलबरोबर नखाचाही थर सोलून निघतो. फॉइलचे दहा तुकडे आणि थोडं अॅसिटोन छोट्या बाटलीत घालून, झाकणाला टेप लावून तिच्या बॅगेत द्या, आणि गॅसपाशी बसून काढू नको हे बजावून सांगा.